साठ हजारांचा षड्ज

गीतेत खरेदीवर श्लोक नाही. सतराव्या अध्यायात आहार, यज्ञ, तप आणि दान यांची सात्त्विक, राजस, तामस अशी विभागणी आहे. अठराव्यात ज्ञान, कर्म, कर्ता, बुद्धी, धृती आणि सुख यांची. काय खावं, कसं द्यावं, कुठलं सुख खरं मानावं, सगळं सांगून झालं. पण दुकानात उभं राहून पाकीट उघडावं की मिटावं, याबद्दल भगवंत गप्प. अर्जुनाला खरेदीची सवयच नसावी. गांडीवसुद्धा अग्नीनं वरुणाकडून मागून आणून दिलं होतं, फुकटात. भिलाईच्या सेक्टरांत राहणाऱ्यांची वरुणाशी ओळख नाही, तेव्हा आमचं आम्हालाच बघावं लागतं.

प्रश्न असा आहे, की वयाच्या ६७व्या वर्षी मी मिरजेचा ६०,००० रुपयांचा तानपुरा घ्यावा का?

आमचं घर बँकेतल्या ठेवींच्या व्याजावर चालतं. ईपीएसची पेन्शन म्हणाल तर तानपुऱ्याच्या तारा आणायला पुरेल एवढी. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या, म्हणजे आमच्या प्लांटच्या शाळेत गणित शिकवत नोकरी केली आणि संध्याकाळी गाणं. खैरागड विद्यापीठाच्या परीक्षा दिल्या, आता चार मुलं-मुली शिकायला येतात. त्यांच्यासाठी एक इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे, बंगळुरूचा, जेवणाच्या डब्याएवढा. तोही आता कपाटावर असतो, कारण फोनवर तानपुरा फुकट मिळतो. हवी ती पट्टी, हवी ती लय. पावसात उतरत नाही, मे महिन्याच्या भट्टीत चढत नाही. मग ६०,००० कशाचे?

हा सवाल माझा नाही, आमच्या ह्यांचा आहे. हे प्लांटच्या खरेदी विभागातून निवृत्त झाले, पण खरेदी विभाग ह्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. घरात कुकर आणायचा तरी विचारणार, "इंडेंट कोणी टाकलं?" तीन दुकानांची कोटेशन, सगळ्यांत कमी भाव तो एल-वन, आणि एल-वनला डावलायचं असेल तर लेखी कारण. तानपुऱ्याचं नाव काढल्यावर म्हणाले, "हरकत नाही. जस्टिफिकेशन लिहून दे. एल-वन शून्य रुपयांना उपलब्ध आहे, हे लक्षात ठेव." चेष्टाच होती. पण मी खरोखर लिहायला बसले, आणि दोन ओळींच्या पुढे जाईना.

पहिली ओळ अर्थातच आवाजाची होती. भाच्याच्या लग्नाला सांगलीला गेले होते, तेव्हा एक दुपार काढून मिरजेला दर्ग्याजवळच्या सतारमेकरांच्या गल्लीत गेले. आढ्याला भोपळे टांगलेले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, वाळवून मग घेतात. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी हे काम सुरू केलं. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतलं पहिलं नाव. पुढे २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कारागिरानं माझ्यासमोर जवारी काढली. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला नखभर उतार असतो. कानस एकदा फिरवायची, तार चढवायची, छेडायची, पुन्हा उतरवायची. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवायचा. धागा केसभर अलीकडे असला तर आवाज मुका, केसभर पलीकडे असला तर पत्र्यासारखा. मधे एक जागा अशी येते, की तार एकदम उघडते. त्यानं ती जागा शोधली, मणी सरकवून जोडीच्या तारा एक केल्या, खर्ज छेडला आणि मला म्हणाला, "ऐका ताई."

पंचम होता, षड्ज होता, आणि त्यांच्यावर गंधार वाजत होता. चार तारांपैकी एकही गंधाराला लावलेली नव्हती. खर्जाच्या पोटातून तो आपोआप निघतो. खर्जाच्या कंपनाच्या पाचपट वेगाचा हा उपस्वर असतो; आपोआप निघतो म्हणून गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. गणिताच्या बाईला हे पाचपटीचं कारण ठाऊक आहे. तरी अंगावर काटा आला, हेही नमूद करते.

पण ही ओळ मी खोडली. फोनवरचे चांगले तानपुरे खऱ्या वाद्याचंच ध्वनिमुद्रण असतात. गंधार त्यांतही ऐकू येतो. पलीकडच्या खोलीत दोन्ही लावून ठेवले आणि "ओळखा" म्हटलं, तर दहातून दहा वेळा ओळखीन अशी पैज मी लावणार नाही. जी वस्तू डोळे मिटून ओळखता येत नाही तिच्यासाठी ६०,००० मोजायचे, तर कारण दुसरं हवं.

घरकामाला येणारी बाई खुर्सीपारची. तिच्याकडे उत्तर तयार होतं. "अतेक पइसा मा तो सोन आ जातिस दीदी." तिचं चुकत नाही. सोनं अडीअडचणीला मोडता येतं. तानपुरा अडचणीत मोडला तर नुसता मोडतो. पुढे विकता येईल म्हणून जी वस्तू घ्यायची, ती घेतानाच आपण अर्धी विकलेली असते, एवढंच माझं म्हणणं. पण ज्या घरात महिन्याअखेर पीठ संपतं त्या घराला हे ऐकवू नये, म्हणून मी गप्प बसले.

तिच्या त्या वाक्यानं खरा काटा मात्र रुतला. साठ हजारांत तिच्या मुलीचं नर्सिंगचं एक वर्ष निघेल. पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानं १९७२ मध्ये एक निबंध लिहिला, त्यातला मुद्दा पोराला समजावा इतका सोपा आहे. डबक्यात मूल बुडतंय, तुमचे कपडे चिखलानं खराब होतील म्हणून तुम्ही थांबाल का? नाही ना? मग लांब कुठेतरी उपासमारीनं मरणाऱ्या मुलाच्या बाबतीत तुमच्या चैनीची वस्तू मधे का येते? अंतर हे काही नैतिक कारण नव्हे. मला या युक्तिवादात गणिताची चूक सापडत नाही. माझ्या डबक्याला तर अंतरसुद्धा नाही. ते रोज सकाळी भांडी घासायला येतं.

लोक यावर चटकन एक मलम लावतात. मीही लावून पाहिलं: तानपुरा घेते आणि तेवढीच रक्कम तिच्या मुलीसाठी देते. ह्यांनी ऐकून चष्मा काढला. "म्हणजे साठाचं बिल एकशेवीसचं. त्यातले साठ वस्तूचे आणि साठ कुणाचे? लाचेचे?" शब्द कडू होता, पण गीता ह्यांच्या बाजूनं आहे. सतराव्या अध्यायात परतफेडीच्या आशेनं, फळावर डोळा ठेवून, मनाला क्लेश देत दिलेलं दान राजस म्हटलं आहे. आपण परतफेड म्हणजे पैशाची समजतो. मन हलकं होणं, खरेदी पवित्र होणं, ही परतफेडच. मुलीच्या फीचा तानपुऱ्याशी काही संबंध असता कामा नये. तानपुरा नाही घेतला तरी ती द्यायला हवी, आणि घेतला म्हणून ती वाढायला नको. आम्ही दोन्ही कागद वेगळे केले. फीचा कागद आधी निकाली निघाला. त्याबद्दल इथे लिहिणं म्हणजे पुन्हा राजसच, म्हणून सोडते.

पण त्यानं सिंगरला उत्तर मिळालं का? नाही. फी दिली तरी साठ हजार उरतातच, आणि त्यांच्यासाठी दुसरं डबकं आहे, मग तिसरं. हा युक्तिवाद पुरता मानला तर भिलाईत एकही घंटा घडवता येणार नाही, एकही मूल नाच शिकणार नाही. पुरता नाकारला तर माणूस दगड. मला वाटतं, तो सुटायचा नाहीच. घरात म्हाताऱ्या माणसासारखा तो राहू द्यायचा, मधून मधून खोकत.

हे शहर तरी कशातून उभं राहिलं? एका महागड्या खरेदीतून. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, १० लाख टनांच्या पोलाद कारखान्याचा. अडीच टक्के व्याज, बारा वार्षिक हप्ते. देशात धान्याची चणचण, शाळांना छप्पर नाही, आणि आपण झोतभट्ट्या विकत घेत होतो. गांधींच्या वाटेवरच्या माणसांना हे पटत नव्हतं. त्यांना चरखा आणि गाव आधी हवं होतं. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. पैसे वसूल झाले का? रेल्वेच्या रुळांवरून उत्तर द्यायचं तर झाले. देशभर गाडी ज्या रुळांवरून धावते त्यांतले बहुतेक इथलेच. माझ्या पगारावरून द्यायचं तरी झाले. पण ज्या गावांची शेतं प्लांटखाली आणि सेक्टरांखाली गेली, त्यांना विचारलं तर? भिलाई हे नावसुद्धा मुळात अशाच एका गावाचं. किंमत त्यांनी मोजली आणि क्वार्टर आम्हाला मिळालं. म्हणून "किमतीला लायक आहे का" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. कुणाच्या किमतीला, आणि कुणासाठी लायक? ६०,००० मी देणार हे खरं. पण ते देता येतात हे त्या शेतांमुळेही. मग वस्तू माझ्या एकटीची कशी?

दुर्ग-राजनांदगाव पट्ट्यात जैन वस्ती मोठी आहे. समोरच्या जैन भाभींना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी तानपुऱ्याबद्दल काही विचारलं नाही. विचारलं, "आपने हद कितनी बाँधी है?" जैन श्रावकांच्या अणुव्रतांत परिग्रहाचं परिमाण करायचं व्रत आहे. जमीन, घर, सोनं-चांदी, धन-धान्य, भांडीकुंडी, प्रत्येकाची मर्यादा आधी ठरवायची. साधूला अपरिग्रह संपूर्ण. संसारी माणसाला मोजून. मला यातली हुशारी वस्तूच्या आधी मर्यादा ठेवण्यात दिसते. दुकानात उभं राहिल्यावर कुठलीही वस्तू स्वतःची वकिली उत्तम करते. तेव्हा न्यायाधीश बदलून चालत नाही, निकाल आधी लिहून ठेवलेला असावा लागतो. आपण उलट करतो: मिक्सर समोर आला की त्याची गरज शोधतो. मी घरातली वाद्यं मोजली. दोन हार्मोनियम, त्यातली एक भात्याला भोक पडलेली, तबल्याची जोडी, कपाटावरचा बंगळुरी डबा, मुलानं आणलेला आणि न वाजलेला कीबोर्ड. हद्द केव्हाच ओलांडलेली होती. कीबोर्ड, बंगळुरी डबा आणि एक हार्मोनियम बाहेर गेल्याशिवाय तानपुऱ्याला उंबरठा नाही, असं ठरलं. हार्मोनियम मंडळाच्या भजनाला गेली, भोक बुजवून. बाकीच्या दोन वस्तूही गरजवंतांकडे पोहोचल्या.

तरी जस्टिफिकेशन कोरंच होतं.

ते मला सुचलं ते माझ्या गाणं शिकवणाऱ्या बाईंच्या तानपुऱ्यावरून. बाईंचं शिक्षण खैरागडचं. राजा वीरेंद्रबहादूर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी मुलगी गेल्यावर तिच्या नावानं आपला राजवाडा संगीताला देऊन टाकला, आणि १९५६ मध्ये तिथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झालं. आपले संगीततज्ज्ञ रातंजनकर पुढे तिथे कुलगुरू होते. महालात तानपुरे जुळायचे ते बाईंनी ऐकलेलं. बाई गेल्या, आणि त्यांचा तानपुरा मुलाकडे पुण्याला गेला. मी तिथे जाऊन पाहिला. काचेच्या कपाटात, आत छोटा दिवा, तारा सैल सोडलेल्या, जवारीचा धागा कधीच गळून गेलेला. मुलगा चांगला आहे, आईवर जीव होता, कपाटावर त्यानं भरपूर खर्चही केला असणार. पण त्या वाद्यातून षड्ज निघत नाही. तेच वाद्य, तीच किंमत. बाईंकडे असताना ते महाग नव्हतं, तिथे ते फारच महाग झालं आहे.

तेव्हा लक्षात आलं, की किंमत दुकानात संपत नाही, तिथून सुरू होते. मिरजेच्या कारागिरानं मला तेव्हाच हे बजावलं होतं: जवारी झिजते, वर्षा-दोन वर्षांनी काढून घ्यावी लागते. ती काढणारा भिलाईत कोणी नाही. म्हणजे पुन्हा मिरज, नाहीतर कोणी जाणता इकडे येईल त्याची वाट. उन्हाळ्यात ४५ अंशांना लाकूड आक्रसतं, पावसात भोपळा दमट होतो, खुंट्या सटकतात. रोज बसण्याआधी तो लावायचा, आणि लावताना घाई केली तर लागत नाही. फोनचा तानपुरा हाताच्या एका स्पर्शात सुरू होतो. तो माझ्याकडून काहीच मागत नाही, म्हणून मला काही देतही नाही. विद्यार्थी त्याच्यासमोर बसतात आणि थेट बंदिशीवर उडी मारतात. तार जुळवताना कान जो उघडतो, तो उघडतच नाही. गीतेनं सुखाची जी प्रतवारी केली आहे, त्यात आधी विष आणि शेवटी अमृत ते सात्त्विक. आधी अमृत आणि परिणामी विष ते राजस. खरेदीवरचा श्लोक मला इथे सापडला. दुकानातल्या गोडव्यावर नव्हे, घरी आणल्यावरच्या पहिल्या कटकटीवर वस्तू पारखावी. ती कटकट रोज सोसायची आपली तयारी आहे का? असेल तर वस्तू महाग नाही, तिचं व्रत झालं. नसेल तर फुकटही घेऊ नये.

इथे एक पळवाट आहे, आणि ती मीच दाखवते: या न्यायानं घोडा, बोट, काय वाटेल ते घेता येईल. सेवा करीन म्हटलं की झालं. म्हणून व्रताला साक्षीदार लागतो. गावाकडे अखंड हरिनाम सप्ताह लागतो तेव्हा वीणा खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. रात्री तीनलासुद्धा कुणीतरी उभं असतं. ती वीणा कोणाची, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. जो उभा आहे त्याची, आणि तो दमला की पुढच्याची. गवई अब्दुल करीम खाँसाहेबांचीही हकीकत अशीच सांगतात: १९३७ मध्ये प्रवासात छातीत कळ आली, मद्रासच्या बाजूच्या एका लहान स्टेशनवर उतरले, तानपुरा जुळवायला सांगितला आणि गाता गाताच गेले. दफन मिरजेला झालं, सतारमेकरांच्या गल्लीजवळच्या त्याच दर्ग्यात. शिष्यानं फलाटावर तानपुरा जुळवला, कारण जुळवणं त्याच्या हातात बसलेलं होतं. वाद्य एका घरात बंद राहिलं तर त्याचं बाईंच्या तानपुऱ्यासारखं होणार. ते किती हातांखालून गेलं, यावर साठ हजारांचं उत्तर ठरेल, आणि ते उत्तर माझ्या हयातीत पुरतं मिळायचं नाही.

हे मी इंडेंटच्या कागदावर लिहिलं. ह्यांनी वाचून "प्रोप्रायटरी आयटम, एल-वन लागू नाही" असा शेरा मारला आणि खाली एक अट घातली, की मागे राहणाऱ्यानं तो विकायचा नाही, काचेत ठेवायचा नाही, ज्याला लावता येतो त्याला द्यायचा. आम्ही दोघांनी सही केली.

तर निर्णय असा. तानपुरा घेतला. अर्धी रक्कम पाठवली आहे, पावसाळा संपल्यावर काम पुरं होईल. मालगाडीच्या भरवशावर भोपळा सोडणार नाही. गोंदियाला जाऊन महाराष्ट्र एक्स्प्रेस धरू, ती थेट मिरजेवरून जाते, आणि परत येताना त्याला खिडकीची जागा देऊ. दिवाळीनंतर भिलाई-दुर्गात ज्यांना तानपुरा लावायला शिकायचं असेल त्यांनी संध्याकाळी सहाला यावं. गाणं येत नसलं तरी चालेल. फी नाही. तार ज्याच्या हातून तुटेल त्यानं नवी आणायची.